बगळ्याचा पाचवा सांधा

मी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमधला जुना संगणक बोलतोय. घाईत असाल तर बसू नका. माझ्यावर आयुष्यभर एकच आरोप झाला, सावकाशपणाचा, आणि तो खरा आहे. पण माझ्या त्या सावकाशपणापायी एका भल्या माणसावर आळ आला. तो मात्र खोटा होता. जायच्या आधी तेवढं सांगून टाकतो.

माझा जन्म एका ठिकाणचा नाही. पेटी कुठली, पडदा कुठला, मेंदू तिसऱ्याच देशातला. पैठण गेटजवळच्या एका अरुंद दुकानात अझहर नावाच्या कारागिरानं एका दुपारी मला जोडलं. मेमरीची पट्टी बसवताना तो शेजारच्याला म्हणाला, "चार जीबी बस है मियाँ, इसकू कौनसा चाँद पे भेजना है." त्याचं बरोबरच होतं. मला चंद्रावर जायचं नव्हतं. मी गेलो इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

तिथं मला कळलं की माणसं आम्हाला पहिल्या दिवसापासून संशयानंच बघतात. पडदा जरा थबकला की म्हणतात, "व्हायरस शिरला." उत्तर चुकलं की म्हणतात, "मशीनच भंगार." आकडा आपण चुकीचा घातला असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. मीही मग त्यांच्याकडे तसाच बघायला शिकलो. दसऱ्याला हळदकुंकू लावणारा हात दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात चापट मारतो, हे मी तिथं पाच वर्षं पाहिलं.

एक मुलगी वेगळी होती. आमरीन तिचं नाव. छावणीत राहायची. तिचे अब्बा फौजींचे गणवेश शिवायचे. कापड एकदाच कापता येतं, म्हणून माप दोनदा घ्यायचं, ही घरची सवय ती माझ्यासमोरही पाळायची. उत्तर आलं की ती मान कलती करून पडद्याकडे बघायची आणि पुटपुटायची, "खरंच का?" मग तेच गणित दुसऱ्या वाटेनं करून पाहायची. मला आधी राग यायचा. पुढं वाटायला लागलं की ही निदान मला आणि स्वतःला एकाच तराजूत घालते.

माझ्यात यांत्रिकीचं एक सॉफ्टवेअर होतं. दांडे किती, सांधे कुठं, वजन कुठं टांगलंय, एवढं सांगितलं की ते हालचालीची समीकरणं स्वतः मांडायचं आणि सोडवायचं. तेही आकड्यांत नव्हे, अक्षरांत. दांडा अडीच मीटरचा असला तरी त्याला 'ल' म्हणायचं. मोठी ऐट होती त्यात. अक्षरांतलं उत्तर एकदा मिळालं की कुठल्याही लांबीला, कुठल्याही वजनाला तेच लागू. एक लंबक द्या, उत्तर एका ओळीत. लंबकाला लंबक टांगा, उत्तर अर्ध्या पानात. तिसरा टांगला की मात्र पोरं चहाला जायची.

आमरीन पास होऊन शेंद्र्याला बद्रीनाथशेठच्या वर्कशॉपमध्ये लागली. कॉलेजनं जुनी यंत्रं काढली तेव्हा तिनंच शेठला सांगून मला तिकडं नेलं. दुष्काळाची वर्षं होती ती. एका बाजूला शहर वाढत होतं, जालना रोडला रोज नवी इमारत उठत होती, आणि दुसऱ्या बाजूला त्याच इमारतींना पाणी पुरवणारे टँकर आमच्या शेडसमोरून धुरळा उडवत जात होते. माझ्या पंख्यात त्यांचाच फुफाटा बसायचा.

टँकर भरायचं ठिकाण आमच्यापासून जवळच होतं. वरून जाड पाइप टँकरच्या तोंडात सोडायला माणूस टपावर चढायचा. आदल्या उन्हाळ्यात तिथून चतुराबाईचा नवरा पडला, तो पुन्हा उठून उभा राहिला नाही. तेव्हापासून तिथला व्हॉल्व्ह चतुराबाई सांभाळत होती. पाण्याच्या ठेकेदारानं शेठला काम दिलं: कुणी टपावर चढायला नको, असा लोखंडी हात बनवा. खालून ओढला की उलगडावा, सोडला की वर जावा. पाच सांध्यांचा, मागं वजन टांगलेला, शेवटी लोंबता नळ. शेडमधल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं बगळा.

चतुराबाई एकदा स्वतः चित्र बघायला आली. आमरीननं माझ्या पडद्यावर दाखवलं. बाईनं बराच वेळ बघितलं आणि बोट ठेवलं.

"मी कुठं उभी राहणार?"

"इथं, मावशी. खाली, डाव्या बाजूला."

"आन हे माझ्या डोक्यावरून फिरणार?"

"हो."

"पडणार नाय ना? एक माणूस गेलंय माझ्या घरचं. नीट बघून सांग."

आमरीन म्हणाली, "बघून सांगते." ते तिनं वरवर म्हटलं नव्हतं.

मग माझी परीक्षा सुरू झाली. दोन सांध्यांचं उत्तर मी पापणी लवायच्या आत दिलं. तिसऱ्याला काही मिनिटं लागली. चौथ्याला दुपार गेली आणि उत्तर चाळीस पानांचं झालं. पाचवा सांधा घातला आणि मी अडकलो.

का अडकलो ते सांगतो. लग्नाला बोलावलेल्या प्रत्येक पाहुण्यानं आपले चार पाहुणे आणावेत, त्या चारांनी प्रत्येकी आणखी चार, तसं होतं ते. एक सांधा हलला की बाकीचे चारही हलतात, त्यांच्या हलण्यानं पहिला पुन्हा हलतो. अक्षरांत मांडताना यातलं काहीच गाळता येत नाही. एकेक पद पसरत जातं. मग त्याला आवरायचं, सोपं करायचं, तर ते सोपं करण्यासाठी आणखी जागा लागते. मी सगळं उराशी धरून बसलो होतो. पडद्यावर बगळ्याचं मापांसकट चित्र होतं आणि शेजारी नुसतं एक चक्र फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी शेठ आत आले. बद्रीनाथशेठ तसा कष्टानं वर आलेला माणूस, पण लोखंड सोडून कशावर विश्वास नव्हता.

"मॅडम, हे काय करायलंय दोन दिसापासून?"

"गणित चालू आहे, शेठ."

"काल बी हेच फिरायलं होतं. आज बी हेच."

"मोठं आहे गणित."

शेठनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला नंतर कळलं. वाळूजच्या एका कंपनीतून तिला बोलावणं आलंय, अशी वदंता होती. ही इथं बसून आपलं काम लांबवते आणि तिकडचं करते, असं त्यांना वाटलं. बाहेर जाऊन त्यांनी सांडूकाकाला बाजूला घेतलं.

सांडूकाका आमचा फिटर. फर्दापूरच्या अलीकडं एका वस्तीवर त्यांचं घर, घरी मेंढरं. तरुणपणी मेंढरांमागं हिंडले, मग एमआयडीसीत वेल्डिंग शिकले. बोलणं मोजकंच. शेठ त्यांना म्हणाले, "जरा लक्ष ठेवा म्याडमवर. काय करती ते बघा." दार उघडंच होतं. मी ऐकलं, आणि दाराशी आलेल्या आमरीननंही ऐकलं.

त्या घडीपासून खोलीतली हवा बदलली. सांडूकाका पाणी प्यायला आले तरी ती पडद्याला पाठ आडवी करायची. ते काही बोलायला तोंड उघडायचे आणि मिटून घ्यायचे. मीही त्यांच्यावर नजर ठेवून होतो, कारण बगळ्याचं चित्र पडद्यावर आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर गेली की ते हळूच आत यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे आणि खिशातल्या कागदावर काहीतरी लिहून न्यायचे. आता मला वाटलं, चहाड्या लिहितायत.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते असेच आले. लिहून झालं, गेले. त्यानंतर थोड्याच वेळात माझी जागा संपली. चार जीबी भरली, चकतीवरची उसनी जागाही भरली. श्वास कोंडल्यासारखं झालं. अशा वेळी आमच्यात एक नियम असतो: सगळंच बंद पडण्यापेक्षा जो सगळ्यात जास्त जागा खातो त्याला बाहेर काढायचं. मी ते सॉफ्टवेअर बंद केलं. तीन दिवसांचं काम गेलं. नोंदींच्या फाइलमध्ये मी एक ओळ लिहिली, वेळेसकट: जागा संपली, काम थांबवलं. मला बोलता येत नाही. मला तेवढंच येतं.

आमरीन आली. पडद्यावर काहीच नव्हतं, फक्त मागचं नेहमीचं दौलताबादच्या किल्ल्याचं चित्र. ती तशीच मागं फिरली. मग बाहेर जाऊन विचारलं, "माझ्या खोलीत कोण गेलं होतं?"

कुणीतरी म्हणालं, "सांडूकाका."

ते तिथंच ग्राइंडरजवळ बसले होते. शेठही होते.

"काका, तुम्ही बंद केलं ना ते?"

"म्या? नाय."

"मग आत कशाला गेला होतात? शेठनं माझ्यावर पाळत ठेवायला सांगितलं, मला माहीत आहे. पण तीन दिवसांचं काम पुसायला पण सांगितलं होतं का?"

शेठ उसळले. "मी कशाला पुसायला सांगू? सांडू, हात लावला का मशीनला?"

सांडूकाका उठले. "म्या हात नाय लावला," एवढंच म्हणाले. खिशातला कागद त्यांनी कुणाला दाखवला नाही. गॉगल काढून हुकाला अडकवला, आपल्या टेबलाखाली काहीतरी सारलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. गावाकडं चारा नाही, मेंढरं सांभाळायला गेलेत, असा निरोप आला.

माझ्या फाइलमध्ये ती ओळ होती. आमरीननं ती उघडलीच नाही. आधीच गुन्हेगार सापडला होता ना! उत्तरावर 'खरंच का?' म्हणणारी ती मुलगी स्वतःच्या संशयाला तो प्रश्न विचारायला विसरली.

इकडं शेठची घाई सुरू झाली. ठेकेदार रोज येऊन बसत होता. शेठ म्हणाले, "चार सांध्यांचं उत्तर हाय ना तुमच्याकडं? पाचवा धरा पक्का आन लोखंड कापा."

आमरीननं ते चाळीस पानांचं उत्तर काढलं आणि त्यात बगळ्याच्या वेगवेगळ्या स्थिती घालून पाहिल्या. हात वर, हात अर्धा, हात खाली. सगळीकडं शहाणं उत्तर. मग मधले दोन दांडे एका रेषेत येतात ती जागा आली आणि मी असा एक आकडा फेकला की बगळा चंद्रावर जावा. ती दचकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अक्षरांत सोडवताना मी कुठंतरी एका पदानं भागलं होतं. अक्षरांत ते पद शून्य दिसत नव्हतं. पण नेमक्या त्या स्थितीत त्याची किंमत शून्य होत होती. अक्षरांची हीच तर गोम आहे.

शेठ म्हणाले, "तेवढा एक कोन सोडून द्या."

चतुराबाई त्या दिवशी पुन्हा आली होती, दाराशी उभी होती. ती म्हणाली, "ह्यो जो कोन सोडायचा म्हनता, तवा ते लोखंड कुठं असतंय?"

आमरीननं चित्रात तो हात हळूहळू खाली आणला. शेवटचा नळ बाईच्या उभं राहण्याच्या जागेवर, डोक्याच्या उंचीला आला.

शेठनं टोपी काढून पुन्हा घातली. "करा पाचव्याचं," ते म्हणाले. "चार दिस देतो."

आमरीननं पुन्हा मला कामाला लावलं. या वेळी खोलीला आतून कडी लावली. डबाही तिथंच खाल्ला. दाराशी कुणी आलं की "नंतर या" म्हणायची. मी धापा टाकत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी, ती माझ्यासमोर बसलेली असताना, तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावरची सॉफ्टवेअरची खिडकी मिटली आणि किल्ला दिसायला लागला.

तिनं दाराकडं बघितलं. कडी लागलेली होती. बटणाकडं बघितलं. चालू होतं. मग किती तरी वेळ ती स्वतःच्या हातांकडं बघत बसली. आणि मग, पहिल्यांदाच, तिनं नोंदींची फाइल उघडली. आजची ओळ वाचली. वर सरकली. त्या दिवशीची ओळ सापडली, जेवणाच्या सुट्टीतली वेळ, तेच शब्द.

"या अल्लाह," ती म्हणाली. "काकांनी नव्हतं केलं."

माणसं म्हणतात यंत्राला लाज नसते. मला त्या क्षणी पडदा काळा करून घ्यावासा वाटला. चूक माझी होती, आळ त्यांच्यावर गेला होता, आणि मी त्या सगळ्या दिवसांत किल्ल्याचं चित्र दाखवत बसलो होतो.

ती बाहेर गेली. काका जाताना काय सारून गेले ते बघायला त्यांच्या टेबलाखाली हात घालून तिनं लोखंडी पट्ट्यांचा एक छोटा बगळा काढून आणला. पाच सांधे, रिव्हेट मारलेले, मागं वजनाला नट बांधलेला. त्यासोबत तो घडी घातलेला कागद. त्यावर चहाड्या नव्हत्या. माझ्या पडद्यावरची मापं होती, दांड्यांची लांबी आणि कोन. ते रोज बघून टिपून नेत होते आणि सुट्टीत पट्ट्या कापत होते. मधल्या दोन पट्ट्या एका रेषेत येतात तिथं खडूची खूण होती. आमरीननं तो हातानं फिरवला. खुणेपाशी आला आणि शेवटची पट्टी सटकन फिरून तिच्या बोटावर बसली.

त्याच दुपारी तिनं वाट बदलली. अक्षरांचा नाद सोडला. समीकरणं मांडायचं काम माझ्याकडंच ठेवलं, पण ती अक्षरांत सोडवायला लावली नाहीत. प्रत्येक स्थितीत आधी लांबी, वजन, कोन यांचे आकडे घालायचे, मग तेवढंच सोडवायचं, मग एक पाऊल पुढं. ऐट गेली. एका बगळ्याचं उत्तर दुसऱ्याला चालणार नव्हतं. पण जे काम तीन दिवसांत झालं नव्हतं ते चहा निवायच्या आत झालं, पाचही सांध्यांचं. आणि खुणेच्या जागी आलेख एकदम उसळलेला होता. लोंबता नळ तिथं चाबकासारखा फिरणार होता. पाचवा सांधा पक्का धरून केलेल्या उत्तरात हे कधीच दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या एसटीनं सांडूकाकांच्या गावाकडं गेली. तिथं काय झालं ते मला नंतर तिनं चतुराबाईला सांगताना कळलं. सांडूकाका चारा छावणीत होते, मेंढरांना पाणी दाखवत होते. त्यांनी तिला बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं, आणि तिची माफी ऐकून घेतली.

"काका, कागद तेव्हाच का नाही दाखवला?"

"तुम्ही इचारलं नाय, म्याडम. तुम्ही सांगितलं."

ती रडली. त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. मग त्यांनीच विचारलं, "झटका बसतो ना तिथं?"

"बसतो. तुमच्या खुणेपाशीच."

"शॉकअप लावावं लागतंय, झटका खानारं. जुन्या जीपचं चालंल. आन एक स्टॉपर. नळाला गळ्याशी धरलं की मान टाकणार नाय."

ते परत आले. शेठनं माफी मागितली नाही, पण स्वतः जाऊन जीपचा शॉकअप शोधून आणला. त्या माणसाच्या हिशेबात ती माफीच होती. आमरीननं शॉकअप धरून आकडे पुन्हा घातले, आलेखातली उसळी खाली बसली. मग लोखंड कापलं गेलं.

बगळा उभा राहिला त्या दिवशी टँकरांची रांग हायवेपर्यंत होती. सांडूकाकांनी आधी स्वतः त्याच्याखाली उभं राहून साखळी ओढली, बारा वेळा. मग शेठ उभे राहिले. मग आमरीन. चतुराबाई लांबून बघत होती. शेवटी तिनं पदर खोचला, खाली आली आणि साखळी हातात घेतली. मधले दांडे सरळ झाले, नळ क्षणभर थबकला आणि सावकाश खाली उतरला. "असं पायजे," ती म्हणाली, "इचारून आल्यावानी." त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यांतही टँकरच्या टपावर कुणाला चढावं लागलं नाही.

गोष्ट इथं गोड संपली असं तुम्हाला वाटेल. पूर्ण नाही. सांडूकाका पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं राहिले, आमरीन त्यांना विचारल्याशिवाय एक भोक पाडत नसे. पण माझ्या खोलीत यायचं तर ते दाराशी थांबून मोठ्यानं म्हणायचे, "म्याडम, आत येतोय." आत आले की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. आमरीननं किती वेळा म्हटलं, "काका, बसा ना, माउस घ्या." ते मान हलवायचे. आळ उतरला होता, हात मात्र मागंच राहिले.

आता शहराचं नावही बदललं. शेड मोठी झाली. माझ्या जागी आलेल्या नव्या यंत्रात माझ्या सोळापट मेमरी आहे, आणि ते सात सांध्यांपाशी अडकतं. मी फळीवर पडून आहे, पंखा मोडलेला, पडदा पिवळा. आज भंगाराची गाडी आली आहे.

माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरात, कचेरीत एखादं यंत्र अचानक गप्प झालं, तर माणसाकडं बोट दाखवण्याआधी त्यानं लिहिलेली ओळ वाचा. आम्हालाही मर्यादा असतात. त्या आम्ही लपवत नाही, बारीक अक्षरात लिहितो.

सांडूकाका आता कामावर नाहीत, पण आज नातीला शहरात सोडायला आले म्हणून शेडवर डोकावलेत. मला उचलायला गाडीवाल्याला दुसरा माणूस हवा आहे. आमरीन म्हणाली, "काका, जरा धरता का?"

ते दाराशी थांबले. हात पाठीमागून पुढं आले.

"आता तरी लावू का हात?"

आमरीन हसली नाही. "लावा," ती म्हणाली.

त्यांचे तळवे खरखरीत आहेत, आणि अजून ऊबदार आहेत. येतो मी.